घटपर्णीची कुंडी आणि जोसेफ हूकर

शहराजवळच्या नर्सऱ्यांमध्ये अलीकडे टांगत्या कुंडीतले एक वेगळेच झाड दिसते. लांबट पान, पानाच्या टोकातून निघालेला दोरीसारखा तंतू, आणि तंतूच्या टोकाला झाकण असलेला छोटा घडा. घड्यात थोडे पाणी आणि पाण्यात दोन-चार मुंग्या मेलेल्या. नर्सरीवाले त्याला पिचर प्लांट म्हणतात, मराठीत घटपर्णी. हौसेने आणलेले हे झाड बहुतेक घरी सहा महिन्यांत घडे धरणे बंद करते आणि वर्षाच्या आत मरते. मग लोक विचारतात, खत कोणते घालू? माशा मारून घालू का? मटणाचा तुकडा चालेल का?

शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या वनस्पती उद्यानाच्या प्रमुखाने घटपर्णीच्या घड्यात खरोखरच कच्च्या मांसाचे तुकडे टाकले होते आणि चोवीस तासांनी त्यांचे काय होते ते पाहिले होते. त्यांचे नाव जोसेफ डाल्टन हूकर. भारतात सापडणाऱ्या एकमेव घटपर्णीला शास्त्रीय नाव देणारेही तेच. त्यांचे आयुष्य समजून घेतले तर कुंडीतल्या झाडाच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात.

वडिलांच्या वर्गात बसणारा मुलगा

हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या हेल्सवर्थ गावी झाला. वडील विल्यम जॅक्सन हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. जोसेफ लहान असतानाच वडिलांना ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि सातव्या वर्षापासून हा मुलगा त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागला. आपल्याकडे शेतकऱ्याचे पोर चालायला लागले की बापामागे बांधावर जाते, तसाच हा प्रकार. घरात वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, जगभरातून आलेली पत्रे आणि बिया. त्यामुळे वनस्पती ओळखणे त्यांना वेगळे शिकावे लागलेच नाही.

त्या काळी नुसत्या वनस्पतिशास्त्रावर पोट भरत नसे. म्हणून ते डॉक्टर झाले. १८३९ मध्ये पदवी मिळताच सहायक सर्जन म्हणून एरेबस नावाच्या जहाजावर चढले आणि जेम्स क्लार्क रॉस यांच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत चार वर्षे फिरले. डॉक्टरकी नावाला, खरे काम वनस्पती गोळा करण्याचे. केर्गेलेनसारख्या उजाड, वादळी बेटावरही दगडाला चिकटलेले शेवाळ सोडवून त्यांनी नोंदवून ठेवले. या प्रवासातून आल्यावर त्यांची चार्ल्स डार्विन यांच्याशी मैत्री जमली. सजीवांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नाहीत, त्या बदलतात, हा विचार डार्विन यांनी ज्या मोजक्या लोकांना सुरुवातीला सांगितला त्यांत हूकर होते. ही मैत्री १८८२ मध्ये डार्विन यांच्या मृत्यूपर्यंत टिकली आणि घटपर्णीच्या प्रयोगामागेही तीच होती.

खासी टेकड्यांतला पाऊस

जानेवारी १८४८ मध्ये हूकर कलकत्त्याला उतरले. पुढची तीन वर्षे त्यांनी दार्जिलिंग, सिक्कीम, पूर्व नेपाळ आणि आसामच्या बाजूचा डोंगराळ मुलूख पायाखाली घातला. सिक्कीममध्ये तिबेटच्या हद्दीजवळ फिरण्यावरून तिथल्या दिवाणाशी बिनसले आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये त्यांना व त्यांच्यासोबतच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला अटक झाली. डिसेंबरअखेर सुटका झाली. इंग्रजांनी मात्र तेच निमित्त करून सिक्कीमचा काही भाग गिळला. वनस्पती गोळा करणारा माणूस आणि राज्य गिळणारी सत्ता त्या काळी एकाच वाटेने चालत होत्या, हे विसरून चालणार नाही.

१८५० च्या पावसाळ्यात ते टॉमस टॉमसन या मित्रासह चेरापुंजीला होते. तिथे एका दिवस-रात्रीत ३० इंच पाऊस त्यांनी स्वतः मोजला. म्हणजे सुमारे ७६० मिलिमीटर. सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक गावांना वर्षभरातही इतका पाऊस मिळत नाही. चेरापुंजीची वर्षाची सरासरी ११ हजार मिलिमीटरच्या वर जाते.

आता तुम्ही शेतकरी आहात, तेव्हा असा पाऊस जमिनीचे काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. नत्र धुऊन जाते, कॅल्शियम धुऊन जाते, जमीन आम्लधर्मी आणि उपाशी राहते. अशा जमिनीत मुळांनी नत्र शोधत बसण्यात अर्थ नसतो. म्हणून घटपर्णीने पानाचाच सापळा केला. घड्याच्या ओठावर गोडसर रस असतो, त्याच्या मोहाने मुंगी येते. ओठ ओला झाला की निसरडा होतो, आतली भिंत मेणचट असते. मुंगी खाली पाण्यात पडते आणि तिच्या शरीरातले नत्र व स्फुरद झाडाला मिळते. पीठसाखर मात्र ते इतर कोणत्याही पिकासारखेच सूर्यप्रकाशात, पानातच तयार करते. कीटक ही त्याची भाकरी नाही, कीटक म्हणजे त्याचे खत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत वाढणाऱ्या या घटपर्णीला हूकर यांनी १८७३ मध्ये नेपेन्थिस खासियाना असे नाव दिले. गारो लोकांचे त्यांच्या भाषेतले नाव त्याच्या कितीतरी आधीचे, मेमांग कोक्सी, म्हणजे भुताची टोपली.

सात माणसांची ओझी

खासी टेकड्यांतली एक गोष्ट हूकर यांनी स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. निळ्या वांडा या देखण्या ऑर्किडची त्यांनी किऊ उद्यानासाठी सात माणसांना उचलावी लागतील इतकी ओझी गोळा केली. वाटेतल्या अडचणींमुळे त्यांतली फार थोडी रोपे इंग्लंडला जिवंत पोचली. त्यांच्याबरोबर एका गृहस्थाने आपला माळी जागा पाहून येण्यासाठी धाडला होता. त्या गृहस्थाने एका माणसाचे ओझे पाठवले आणि रोपे वाईट अवस्थेत पोचूनही त्याचे ३०० पौंड आले. किंमत कळल्यावर पुढे त्या डोंगरांवर काय झाले असेल, हे रक्तचंदनाची आणि सफेद मुसळीची कथा माहीत असलेल्या आपल्या लोकांना समजावे लागत नाही.

घटपर्णीच्याही वाट्याला तेच आले. हौशी लोकांसाठी झालेली तोड, कोळशाच्या खाणी, झूम शेतीची आग यांनी तिची जागा आक्रसत गेली. आज नेपेन्थिस खासियाना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. जंगलातून ती उपटणे हा गुन्हा आहे, आणि लागवड व विक्रीलाही परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तिचे नाव आहे. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी राखीव क्षेत्र आहे.

तेव्हा खरेदी करताना एवढे बघा. नर्सरीत सर्वांत जास्त मिळते ते व्हेंट्राटा नावाचे संकरित रोप, फिलिपिन्समधल्या दोन जातींच्या संकरातून आलेले. काटक आहे, आपल्या हवेला जमते, छाट कलमाने किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवलेले असते. नवख्याने तेच घ्यावे. कुणी जंगलातले मूळ रोप म्हणून जास्त पैशाला विकत असेल तर घेऊ नका. एकतर तो गुन्ह्यातला माल, शिवाय जंगलातून उपटलेली घटपर्णी क्वचितच जगते. तिची मुळे काळी, केसासारखी बारीक आणि ठिसूळ असतात, हात लागला की तुटतात. सात ओझ्यांमधले ऑर्किड जगले नाही, तर ही काय जगणार.

किऊची काचघरे

१८५१ मध्ये हूकर इंग्लंडला परतले आणि त्याच वर्षी फ्रान्सिस हेन्स्लो यांच्याशी त्यांचे लग्न झाले. फ्रान्सिस यांचे वडील म्हणजे डार्विन यांचे वनस्पतिशास्त्राचे गुरू. फ्रान्सिस यांनीही पुढे वनस्पतिशास्त्राचा एक जाडजूड फ्रेंच ग्रंथ इंग्रजीत आणला. हूकर १८५५ मध्ये किऊला सहायक संचालक झाले आणि वडिलांच्या निधनानंतर १८६५ मध्ये संचालक. पुढची वीस वर्षे हे पद त्यांच्याकडे होते.

हे उद्यान म्हणजे फुलझाडांची बाग नव्हे. साम्राज्यातल्या पिकांची ती देवाणघेवाणीची पेढी होती. १८७६ मध्ये ब्राझीलहून रबराच्या सुमारे ७० हजार बिया किऊला आल्या. रबराचे बी तेलकट, लवकर मरणारे. त्यांतल्या जेमतेम २,७०० उगवल्या. त्या रोपांतली बहुतेक श्रीलंकेला गेली आणि आशियातल्या रबर लागवडीची ती सुरुवात ठरली. सोयाबीनची उगवण कमी झाली की आपण हवालदिल होतो, हूकर यांच्या माळ्यांनी चार टक्के उगवणीवर काम भागवले.

काचघर चालवणे म्हणजे उष्णता, ओल आणि वारा यांचा मेळ घालणे. तो माळ्याच्या हातात हवा, कचेरीतल्या साहेबाच्या नव्हे, यावरून १८७० नंतर हूकर यांचे सार्वजनिक बांधकाम खात्याचे आयुक्त एर्टन यांच्याशी मोठे भांडण झाले. एर्टन यांनी संचालकाला न विचारता काचघरांचे बांधकाम आणि उष्णतेची सोय यांबाबतचे अधिकार दुसऱ्याकडे दिले. हूकर गप्प बसणारे नव्हते. तापट होते, पत्रांवर पत्रे लिहीत. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले, डार्विन यांच्यासह देशातले मोठे शास्त्रज्ञ हूकर यांच्या बाजूने सही करून उभे राहिले, आणि १८७३ मध्ये एर्टन यांची दुसऱ्या जागी रवानगी झाली. ज्याला झाडाचे कळते त्याच्याच हाती नळाची तोटी असावी, एवढाच खरे तर वाद होता. विस्ताराच्या कामात असलेल्यांना हा वाद ओळखीचा वाटेल.

घड्यात टाकलेला मांसाचा तुकडा

घटपर्णीवर हूकर यांचे लक्ष फार आधीपासून होते. १८५९ मध्ये त्यांनी घडा पानाच्या टोकाशी कसा तयार होत जातो यावर निबंध लिहिला. त्याच निबंधात बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरची, पाण्याच्या मोठ्या तांब्याएवढे घडे धरणारी नेपेन्थिस राजा ही जात जगासमोर आणली.

पण एक प्रश्न लटकत होता. कीटक घड्यात पडतो हे सर्वांना दिसत होते. पुढे काय? तो नुसता कुजतो आणि कुजलेले पाणी झाड शोषते, की झाड त्याला आपल्या पोटासारखे पचवते? पचवते म्हणणे तेव्हा धाडसाचे होते. पचन हे जनावराचे काम, वनस्पतीचे नव्हे, अशी घट्ट समजूत होती. डार्विन आपल्या घरी दवबिंदू आणि माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपवर प्रयोग करत होते. घटपर्णीचे काम हूकर यांनी हाती घ्यावे अशी त्यांची इच्छा होती, कारण किऊच्या काचघरात घटपर्णीची भरपूर झाडे होती.

हूकर यांनी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे चौकोनी तुकडे, कच्चे मांस आणि कूर्चा, म्हणजे कुरकुरीत हाड, घड्यांत टाकले. चोवीस तासांत अंड्याच्या तुकड्यांच्या कडा झिजल्या आणि पृष्ठभाग बुळबुळीत झाला. मांसाचे तुकडे झपाट्याने लहान झाले. कूर्चा तर तीन दिवसांत पारदर्शक जेलीसारखी होऊन गेली. दुर्गंधी आली नाही, म्हणजे कुजणे नव्हते.

इथवर कुणीही हौशी माणूस पोचला असता. हूकर यांचे वेगळेपण पुढे आहे. तसेच तुकडे त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्यातही ठेवले. आणि घड्यातला रस काढून काचेच्या नळीत घेऊन त्यातही ठेवले. तुम्ही शेतात नवे औषध वापरताना चार ओळी बिनफवारणीच्या सोडता ना, तेच हे. पाण्यातले तुकडे तसेच राहिले. नळीतल्या रसात बदल झाला, पण जिवंत घड्याच्या मानाने खूपच कमी. यावरून त्यांनी ताडले की सगळा पाचक रस आधीपासून घड्यात भरून ठेवलेला नसतो. खाद्य पडल्यावर घड्याच्या भिंतीतल्या ग्रंथी तो सोडतात. या ग्रंथी त्यांनी मोजल्याही होत्या. एका जातीच्या घड्यात एका चौरस इंचात त्या सुमारे ३,००० भरल्या.

ऑगस्ट १८७४ मध्ये बेलफास्टला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी हे सगळे मांडले. त्या वेळी ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. असा माणूस उभा राहून झाड मांस पचवते असे सांगतो, याला वजन होते. दुसऱ्या वर्षी, १८७५ मध्ये, डार्विन यांचे कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक आले आणि शंकेला जागा कमी उरली. तरीही पचन झाड करत नाही, जिवाणू करतात, असे म्हणणारे शास्त्रज्ञ पुढे बरीच वर्षे होते. घड्याच्या ग्रंथींतून पाचक एन्झाइम वेगळे काढून दाखवले गेले तेव्हा हूकर यांचे म्हणणे टिकले. आज त्या एन्झाइमला घटपर्णीवरूनच नेपेन्थेसिन म्हणतात.

बेलफास्टच्या यशाचा आनंद त्यांना फार काळ मिळाला नाही. तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १८७४ मध्ये, फ्रान्सिस अचानक वारल्या. अकरा वर्षांपूर्वी सहा वर्षांची मुलगी गेली होती, तो घाव अजून ओला होता. घरात मुले, किऊचा कारभार, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद. ते कामात बुडून राहिले. दोन वर्षांनी त्यांनी हायसिंथ जार्डिन यांच्याशी दुसरे लग्न केले.

मग मटणाचा तुकडा टाकायचा का?

नाही. हूकर यांच्या तुकड्यांचे वजन अर्धा ग्रॅमच्या आसपास असे आणि त्यांच्याकडे घडे भरपूर होते, एखादा वाया गेला तरी चालत होता. आपल्या कुंडीत पाच-सहा घडे असतात. मोठा तुकडा पडला की घड्याची पचवण्याची ताकद संपते, तुकडा सडतो आणि घडा काळा पडून गळतो. झाड बाहेर टांगलेले असेल तर मुंग्या आणि माशा ते स्वतःच पकडते, तुम्हाला काही करावे लागत नाही. बंद खोलीत असेल तर महिन्याला एक-दोन मेलेल्या माशा किंवा मुंग्या पुष्कळ झाल्या. त्याही सगळ्या घड्यांत नको. घरातले डास कमी होतील या आशेने झाड आणू नका, ते काम त्याच्या आवाक्यातले नाही.

कुंडीत खत घालू नका. शेणखत नाही, गांडूळखत नाही, १९:१९:१९ तर मुळीच नाही. लाल माती, काळी माती, पॉटिंग मिक्स यांतले काहीच नको. लांब धाग्याचे स्फॅग्नम मॉस आणि परलाइट निम्मे निम्मे, हे सर्वांत खात्रीचे माध्यम. स्वस्तात करायचे तर नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोकोपीट आणि परलाइट सारख्या प्रमाणात घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते क्षार कमी असलेल्या पाण्यात तीन-चार वेळा भिजवून पिळून घ्या. ज्यांच्याकडे ईसी मीटर आहे त्यांनी धुवणाचे पाणी तपासावे.

पाण्याचे सांगतो, कारण सर्वांत जास्त झाडे तिथेच जातात. माझे स्वतःचे पहिले रोप मी बोअरच्या पाण्याने घालवले. दोन महिने काही दिसले नाही, मग पानांची टोके करपली, नवे घडे वाटाण्याएवढे होऊन वाळू लागले, आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडच्या बहुतेक बोअरचे पाणी या झाडाला विषासारखे आहे. टीडीएस ५० च्या आत असलेले पाणी उत्तम, १०० पर्यंत चालून जाते. आरओ यंत्राचे शुद्ध पाणी चालेल, त्याच्या बाहेर टाकल्या जाणाऱ्या नळीचे मात्र नको. सगळ्यात चांगले पावसाचे. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या, मग पन्हळीचे पाणी झाकणाच्या ड्रममध्ये धरा. दोनशे लिटरचा एक ड्रम तीन-चार कुंड्यांना पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत पुरतो.

माध्यम ओलसर ठेवा, चिखल नको. कुंडीखाली पाणी भरलेली बशी ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो अमेरिकेतल्या दलदलीत वाढणाऱ्या सारासेनिया या वेगळ्या घटपर्णीसाठी बरोबर आहे, आपल्या टांगत्या नेपेन्थिससाठी नाही. तिची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात.

घडे धरत नाहीत ही तक्रार असेल तर दोनच कारणे शोधा. एक, उजेड कमी. खोलीच्या कोपऱ्यात पाने हिरवीगार आणि लांब होतील, पण टोकाला घडा येणार नाही. सकाळचे कोवळे ऊन किंवा ५० टक्के शेडनेटखालचा उजेड हवा. दुसरे कारण कोरडी हवा. कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावर हे झाड व्हरांड्यात मजेत वाढते. मराठवाडा-विदर्भात हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात आणि एप्रिल-मेच्या झळांत घडे तयार होता होता वाळतात. तिथे काचेची जुनी मासोळ्यांची टाकी कामी येते. हूकर यांच्या काळात जहाजातून रोपे पाठवायला वॉर्डियन केस नावाची बंद काचपेटी वापरत. आतली वाफ आतच राहते आणि रोप महिनोन्महिने समुद्रात तग धरते. तुमची टाकी हीच ती पेटी. फक्त ती उन्हात ठेवू नका, रोप शिजेल.

घड्यात बाहेरून पाणी भरत बसू नका. प्रवासात रस सांडला असेल तर तळाशी थोडे शुद्ध पाणी एकदा घातले तरी चालते. एका पानाला एकदाच घडा येतो. तो काही महिन्यांनी वरून वाळत जातो, तेव्हा फक्त वाळलेला भाग कापा, हिरवे पान राहू द्या. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली तर कापसाने पुसून काढा. तेलकट फवारणी करायचीच झाली तर आधी एका पानावर करून आठवडाभर थांबा.

शेवटची वर्षे

हूकर १८८५ मध्ये किऊतून निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. भारतातल्या वनस्पतींची पहिली समग्र नोंद असलेले फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया हे सात खंडांचे काम १८७२ मध्ये सुरू झाले होते, ते १८९७ मध्ये पुरे झाले. आपल्याशी त्याचा थेट संबंध आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य थिओडोर कूक यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, तो याच पायावर उभा राहिला. आजही सह्याद्रीतल्या अनेक वनस्पतींच्या शास्त्रीय नावापुढे हूकर यांच्या नावाची खूण दिसते.

सह्याद्रीत घटपर्णी नाही, पण कीटकभक्षी वनस्पती आहेत. सप्टेंबरात कासच्या पठारावर जाल तर जांभळट निळी सीतेची आसवे पायाशी पसरलेली दिसतील, आणि नीट वाकून पाहिले तर चिकट थेंब मिरवणारा दवबिंदूही. कातळावरच्या पातळ, धुतल्या गेलेल्या मातीत त्यांनीही तीच युक्ती केली आहे. त्या घरी आणण्याच्या भानगडीत पडू नका, पठार सोडून त्या जगत नाहीत.

त्याच पठारावर गुलाबी तेरडा फुलतो. हूकर यांनी आयुष्याची शेवटची वर्षे या तेरड्याच्या कुळाला दिली. फुले इतकी नाजूक की वाळवल्यावर लगदा होतो, त्यामुळे त्यांच्या जाती वेगळ्या करणे फार जिकिरीचे. नव्वदी ओलांडल्यावरही ते भिंग घेऊन वाळलेली तेरड्याची फुले पाण्यात भिजवून उलगडत बसत. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, सनिंगडेल येथील घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डार्विन यांच्याजवळ त्यांना जागा देऊ केली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन किऊच्या चर्चच्या आवारात, वडिलांशेजारी झाले.

तुमची घटपर्णी दोन-तीन वर्षांत वेलीसारखी लांब वाढेल. तेव्हा पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंडा छाटा. छाटलेल्या खोडाचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा, पाने निम्मी कापा आणि ओल्या स्फॅग्नममध्ये सावलीत खोचा. वरून प्लॅस्टिकची पिशवी सैल झाका. मुळे धरायला दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात, मध्ये उपटून बघू नका. बियांच्या नादी लागायचे तर पपईसारखी नर आणि मादी झाडे वेगळी असतात हे ध्यानात घ्या. एकट्या कुंडीला फुले आली तरी बी धरणार नाही. जुन्या खोडाला खालून नवे फुटवे येतील, आणि त्यांच्या पहिल्या पानांचे घडे मूळ झाडाच्या घड्यांपेक्षा ठेंगणे आणि फुगीर दिसतील. घाबरू नका, जात बदललेली नाही. या झाडाच्या खालच्या आणि वरच्या घड्यांचा आकार मुळातच वेगळा असतो.